फॉर्मची मागची बाजू

भटवाडीत शेवंतीकाकी राऊळ चढ चढून येताना दिसल्या की लग्नाच्या वयाची मुलं गल्ली बदलतात आणि त्यांच्या आया चहाचं आधण ठेवतात. एकतीस वर्षं झाली, घाटकोपरच्या या टेकाडावर असंच चाललंय. दक्षिण कोकण स्नेहवर्धक मंडळाचं वधू-वर सूचक केंद्र काकी चालवतात. मंडळाला अध्यक्ष आहे, कार्याध्यक्ष आहे, सरचिटणीस आहे, शिवाय सात सल्लागार आहेत, ज्यांचा सल्ला त्यांच्या घरीसुद्धा कुणी विचारत नाही. काम एकट्या काकी करतात. गणपतीच्या देवळामागच्या खोलीत दर बुधवारी आणि रविवारी अकरा ते दोन त्या एका लोखंडी कपाटासमोर बसतात, आणि त्या कपाटात या घटकेला चारशे बारा माणसं लग्नाची वाट बघत पडली आहेत.

काकी कणकवलीजवळच्या एका वाडीतून एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन मुंबईत आल्या. नवरा, राजाराम, गिरणीत होता. गिरणी बंद पडली, तो पवईच्या एका सोसायटीत वॉचमन झाला आणि पंधरा वर्षांपूर्वी गेला. मागे काकी राहिल्या, आणि एकुलती एक मुलगी श्रुतिका. लग्नं जमवायचा नाद मात्र नवऱ्याच्या हयातीतला. पहिलं लग्न काकींनी चाळीच्या नळावर जमवलं. हंड्यावरून रोज भांडणाऱ्या दोघींपैकी एकीला मुलगा होता, दुसरीला मुलगी. काकी म्हणाल्या, एवढं मन लावून भांडताय तर घरातल्या घरात भांडा, पाणी तरी सांडणार नाही. ते लग्न टिकलं. विहिणी अजून भांडतात.

आता काकींची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून झाला. मंडळाचा फॉर्म एक पानी असतो. पुढची बाजू घरचे लोक भरतात आणि तिथे आजवर एकाही माणसाने खरं लिहिलेलं नाही. मुलगा निर्व्यसनी. मुलगी गृहकृत्यदक्ष. स्वभाव शांत व मनमिळाऊ. उंची, टाच धरून. काकी तो कागद न वाचताच नंबर घालून कपाटात टाकतात. मग एखाद्या मंगळवारी, न कळवता, सकाळी अकराला त्या घराची बेल वाजवतात. चहा पितात. पाणी मागतात. मग ‘जरा हात धुतंय गो’ म्हणत मोरीत जाऊन येतात. मोरी बघितल्याशिवाय घर कळत नाही असं त्यांचं ठाम मत आहे. आणि केंद्रात परत आल्यावर त्याच फॉर्मच्या कोऱ्या मागच्या बाजूला पेन्सिलीने दोन ओळी लिहितात.

उदाहरणार्थ: ‘फ्लॅट स्वतःचा म्हणतात, नावाची पाटी दुसऱ्याची.’ किंवा, ‘बापाला बाटली. रविवार सोडून.’ किंवा, ‘मुलगी हसली की छान दिसते. फोटोत हसलेली नाही. फोटोग्राफर गाढव.’ किंवा, ‘मुलगा दिसायला पाणकोंबडा, पण आई आजारी असताना भांडी घासताना बघितला. कुठलीही मुलगी सुखात राहील.’ आणि सगळ्यात जास्त वेळा आलेली ओळ, ‘मुलगा बरा. आई बोलू देत नाही.’ ज्याच्या मागे ही ओळ, ते स्थळ काकी कुणाला सुचवत नसत. त्या म्हणत, दारुड्याची दारू एखाद वेळ सुटते.

या मागच्या बाजूचा पत्ता कुणालाच नव्हता. फॉर्म कपाटाबाहेर जात नाही हा काकींचा पहिला आणि शेवटचा नियम. कुणाला स्थळ हवं असलं तर समोरच्या दुकानातून स्वतः पुढच्या बाजूची झेरॉक्स काढून आणायच्या आणि ती द्यायच्या. लोक म्हणत, काकीच्या डोक्यात कॉम्प्युटर आहे, कुठल्या घरात काय शिजतं ते सगळं पाठ. काकी ‘देवाची देणगी’ म्हणून वर बघत.

त्या चारशे बारांत क्रमांक सहाशे अकरा हा श्रुतिकाचा होता. (नंबर जास्त आहे कारण लग्न झालेले काढून टाकतात आणि नंबर पुढे जातच राहतात.) नऊ वर्षांपूर्वी, पोरगी सत्तावीसची झाल्यावर, काकींनी तिचा फॉर्म भरला आणि नियम म्हणजे नियम म्हणून स्वतःच्याच घराला भेट दिली. खोटं वाटेल, पण बाई खरोखर शनिवारी अकराला दाराबाहेर गेल्या, बेल वाजवली, आत येऊन पाहुण्यांच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘चाय घेतंय वायच.’ श्रुतिका हसून लोटपोट झाली. हसता हसता तिने चहा केला आणि समोर बसली. काकींनी परक्या बाईसारखं तिच्याकडे पाहिलं. असं त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. चहा संपला, त्या केंद्रात गेल्या, पेन्सिल काढली आणि जे दिसलं ते लिहिलं. लिहून झाल्यावर बराच वेळ तो फॉर्म हातात धरून बसल्या. मग तो कपाटात ठेवला आणि त्या ओळी आपण लिहिल्याच नाहीत असं ठरवून टाकलं.

नंतरच्या नऊ वर्षांत श्रुतिकाचे सत्तावीस कांदेपोह्यांचे कार्यक्रम झाले. तिने प्रत्येकाला नकार दिला आणि प्रत्येक वेळी कारण दिलं: एकाची उंची, एकाचे दात, एकाचं नाशिक. काकी दर वेळी चिडत, आणि पुढच्या आठवड्यात अठ्ठाविसाव्याच्या तयारीला लागत.

यंदा देऊळ पुनर्विकासात गेलं. जुनी इमारत पडणार, नवी होणार, आणि मधल्या तीन वर्षांत देवाला पर्यायी जागा मिळणार होती. कपाटाला मिळणार नव्हती. मंडळाची सभा भरली. सात सल्लागारांनी सात सल्ले दिले. त्यातला एक, कपाट गावाला पाठवा, असाही होता. मग सरचिटणीस जयवंत तावडे उठला. जयवंत पन्नाशीचा, टूर्सचा धंदा करतो आणि कुठल्याही प्रश्नावर उत्तर द्यायच्या आधी मोबाईल काढतो.

“क्लाउडवर टाकूया सगळं,” तो म्हणाला. “श्रुतिका आहे ना. तिचं तर कामच ते.”

कामच ते, हे खरं होतं. श्रुतिका अंधेरीला, चकाल्यात, एका कंपनीत नोकरी करते. कंपनीच्या साठेक शाखांमधून रोज हजारो फायली निघतात आणि कुणी हात न लावता ठरल्या वेळी क्लाउडवर जाऊन पोहोचतात; त्या नीट पोहोचल्या की नाही हे बघायचा तिला पगार मिळतो. चारशे बारा फॉर्म हा तिच्या दृष्टीने जेवणाच्या सुट्टीतला उद्योग होता. ऑफिसने भंगारात काढलेला एक स्कॅनर तिने उचलून आणला, मंडळाच्या जुन्या लॅपटॉपला जोडला, आणि एका रविवारी आईला समोर बसवून शिकवणी घेतली.

“हे बघ. ह्या ट्रेमध्ये गठ्ठा ठेवायचा, हिरवं बटण दाबायचं. बस. फॉर्म आपोआप लॅपटॉपमध्ये. मुलांचे ‘मुलगे’ फोल्डरमध्ये, मुलींचे ‘मुली’ फोल्डरमध्ये. दुपारी एक वाजला की फोल्डरमध्ये जे असेल ते आपोआप वर जाणार.”

“वर म्हणजे खंय?”

“क्लाउडवर. कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर. आणि वर गेलं की नोंदणी केलेल्या सगळ्या घरांना मोबाईलवर दिसणार. मुलीकडच्यांना मुलगे, मुलाकडच्यांना मुली. तुझ्या झेरॉक्सच्या फेऱ्या बंद.”

“आणि मधी कोणी बघूचा नाय?”

“कोणीच बघायचं नाही, आई. तीच तर मजा आहे ना त्यात.”

काकींना यात मजा काय ते कळलं नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय एक कागद कुणाकडे गेला नव्हता. पण मुलगी इतक्या उत्साहाने सांगत होती की त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला. “झेरॉक्ससारखाच मा हां?”

“झेरॉक्ससारखंच,” श्रुतिका म्हणाली. तिला घाई होती.

तिने चाचणीही घेतली, उगाच तिला दोष नको. नुकतेच आलेले दहा फॉर्म टाकून पाहिले. ते नवे होते, काकी अजून त्या घरी जायच्या होत्या, म्हणजे मागची बाजू कोरी. आणि स्कॅनर मूळचा दोन्ही बाजू वाचणारा असला तरी कोरं पान स्वतःहून गाळून टाकायचा. दहाच्या दहा फायली एकेका पानाच्या निघाल्या. झकास, म्हणाली ती, आणि पुढच्या रविवारी सगळा गठ्ठा टाकायचा असं ठरलं. तिला त्या रविवारी ऑफिसची ड्युटी होती. आता माणसाची गरजच नव्हती, त्यामुळे तिने येण्याची गरज नव्हती.

रविवारी साडेअकराला उद्घाटन झालं. कोकणी माणूस गाऱ्हाणं घातल्याशिवाय नवीन पायपुसणंसुद्धा वापरायला काढत नाही. जयवंतने स्कॅनरला हळदकुंकू लावलं, काचेवर जाणार नाही याची काळजी घेत. समोर नारळ ठेवला, हात जोडले आणि मंडळाच्या सगळ्या कार्यकारिणीच्या वतीने सुरू झाला.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या जां काय मशीन तुझ्या दारात ठेवलेला आसा, तेका कोणाची वायट नजर लागा नको म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सल्लागार म्हणाले.

“वायफाय मधीच जाव नको, लायटीचो खोळंबो होव नको म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि जां जां ह्येच्यात टाकू, तां सगळा, काय एक मागे ऱ्हवल्याशिवाय, घराघरात पोचू दे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

कधी नव्हे ते देवाने या मंडळाचं अक्षरशः ऐकलं.

काकींनी गठ्ठे ठेवले. प्रत्येक फॉर्म पुढची बाजू वर करून, कडा जुळवून, झेरॉक्सच्या दुकानात ठेवायच्या तसा. सहाशे अकरा हातात आला तेव्हा त्या क्षणभर थांबल्या. पण स्वतःच्या मुलीचा फॉर्म वगळला तर उद्या चार बायका विचारतील, आणि जाऊन जाऊन पुढचीच बाजू जायची, तर घाबरायचं कशाला. ठेवला. हिरवं बटण दाबलं. मशीन कागद खात गेलं आणि दुसऱ्या बाजूने ओकत गेलं. साडेबारापर्यंत चारशे बारा संपले. काकी घरी जाऊन बांगड्याची कढी आणि भात जेवायला बसल्या. एक वाजला तेव्हा त्या काटे काढत होत्या.

दीडला पहिला फोन आला. चंपा परब. हिचा मुलगा नितेश, क्रमांक पाचशे चार. मुलाकडची असल्याने चंपाला फक्त मुली दिसत होत्या, पण तिच्या नणंदेची मुलगी नोंदलेली होती, आणि नणंद ही कशासाठी असते. नणंदेने पाचशे चारची मागची बाजू जशीच्या तशी टिपून, खाली हात जोडल्याचं चित्र टाकून, चंपाला पाठवली होती.

“काय गो शेवंते? मी बोलूक देत नाय? मी?”

“अगो चंपा, ऐक जरा...”

चंपाने ऐकलं नाही. तिने आपण मुलाला किती बोलू देतो हे सांगायला सुरुवात केली आणि ती चाळीस मिनिटं सांगत राहिली. काकी चौदा वेळा ‘अगो’ म्हणाल्या. मधे एकदा मागून नितेशचा आवाज आला, “आई, जाऊ दे ना...” आणि चंपा त्याला म्हणाली, “तू गप ऱ्हव.”

पण खरं सांगायचं तर काकी चंपाचं ऐकतच नव्हत्या. पहिल्या मिनिटालाच त्यांना कळलं होतं की मागची बाजू वर गेली. एकाची गेली म्हणजे सगळ्यांची गेली. म्हणजे सहाशे अकराचीही. कढीचा हात तसाच वाळत होता आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: श्रुतिकाने बघायच्या आत ती ओळ तिथून काढायला हवी. चारशे अकरा घरांनी दारात येऊन शिव्या दिल्या असत्या तरी त्यांनी चहा पाजून परत पाठवली असती. ही एक पोरगी अंधेरीहून घरी आली की तिला काय सांगायचं, हे त्यांना सुचत नव्हतं. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरायची सवय नसल्यामुळे घाबरल्यावर काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं.

चंपाने दम घ्यायला फोन ठेवला तशा त्या तडक केंद्रात गेल्या. लॅपटॉप उघडला आणि दिसेल ते पुसायला लागल्या. ‘मुलगे’ गेले, ‘मुली’ गेल्या. मोबाईलवर बघितलं तर सगळे जिथल्या तिथे. इथलं चुकून कुणी पुसलं तरी वरचं पुसलं जाऊ नये, अशी सोय श्रुतिकाने मुद्दाम करून ठेवली होती. आईचा स्वभाव तिला माहीत होता. तेवढ्यात जयवंत धावत आला. त्याने थेट मेन स्विच बंद केला. पंखा थांबला, देवळातला दिवा गेला, आतून गुरुजी ओरडले. मोबाईलवर सगळे जिथल्या तिथे.

“काकी, वाट लागली,” जयवंत म्हणाला. “वर गेलेलं खाली येत नाही.”

“मग गाऱ्हाणा कित्या घातलंस तसला?”

यावर जयवंतने मोबाईल काढला. त्याच्याकडे तोवर सव्वीस मिस्ड कॉल होते. त्याने एक घेतला, मान हलवली, दुसरा घेतला. पाचव्या फोननंतर त्याचा चेहरा बदलला.

“काकी, तिघांनी तीनशे अठ्ठ्याऐंशी मागितलाय. तो पाणकोंबडा. भांडी घासणारा. दहा वर्षं त्याला कुणी विचारत नव्हतं यार.”

“आणि तो बाटलीवालो?”

“त्यांचा पण आला. म्हणतात, रविवार सोडून असं लिहिलंत त्याबद्दल आभार, पण आता बुधवारी पण घेत नाही, तेवढी दुरुस्ती करा.” जयवंतने आवाज खाली आणला. “काकी, लोक पुढची बाजू उघडतच नाहीयेत. सगळे मागची वाचतायत. म्हणतात, एवढी वर्षं ही लपवून का ठेवली?”

एखाद्या दुसऱ्या दिवशी या बातमीवर काकी महिनाभर ऐटीत चालल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी फक्त विचारलं, “श्रुतिका फोन उचलता काय बघ.”

श्रुतिका फोन उचलत नव्हती. तीन वेळा नाही, सहा वेळा नाही. शेवटी साडेतीनला तिचाच आला.

“आई, मी सगळ्यांचं बघणं बंद केलंय. आता कुणाला काही दिसणार नाही. ज्यांनी आधी फोटो काढले असतील त्यांचं काही करता येत नाही.”

“बरा झाला गो बाय. मगे तू...”

“मी येते घरी,” श्रुतिका म्हणाली आणि फोन ठेवला.

कुठलीही फाईल वर पोहोचली की तिला निरोप येतो. दुपारी एक वाजून चार मिनिटांनी तिला चारशे बारा निरोप आले होते, आणि एवढ्या गर्दीत माणूस पहिल्यांदा स्वतःचं नाव शोधतो. तिने ते सव्वा वाजताच वाचलं होतं. त्यानंतर सव्वादोन तास तिने काहीच केलं नव्हतं. ज्या मुलीला साठ शाखांमधली एक फाईल अडकली तरी जेवण जात नाही, ती स्क्रीनसमोर नुसती बसून होती. हे काकींना नंतर कळलं. त्या वेळी त्यांना फक्त तो आवाज कळला, आणि तो पुरेसा होता.

साडेचारला श्रुतिका आली. पर्स ठेवली, हात धुतले, आत जाऊन दोन कप चहा केला. एक आईसमोर ठेवला. मग स्वतः पाहुण्यांच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि मोबाईल काढला.

“सहाशे अकरा,” ती म्हणाली. “मागची बाजू.” आणि कुठल्याही शाखेची यादी वाचावी तशा सपाट आवाजात तिने वाचलं.

“‘मुलगी सरळ, हुशार. चहा बेताचा. लग्न नको आहे, पण सांगणार नाही. आई बोलू देत नाही.’”

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

“तुला माहीत होतं,” श्रुतिका म्हणाली. “पहिल्या दिवसापासून. नऊ वर्षं, आई. सत्तावीस वेळा साडी नेसवलीस मला. मी आपली कारणं शोधतेय, ह्याचे दात पुढे, त्याचं नाशिक लांब. बिचाऱ्या नाशिकने काय घोडं मारलं होतं? मला वाटायचं, आईला कळलं तर तिचं मन मोडेल. आणि तू लिहून, नंबर घालून, कपाटात ठेवलं होतंस.”

“अगो, माका वाटलां, काय गो, की वय वाढला की...” काकींनी सुरुवात केली.

आणि मग त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. दुपारी चाळीस मिनिटं फोनवर ऐकलेला तोच सूर, तीच घाई, समोरचीच्या तोंडातलं वाक्य पुरं व्हायच्या आत आपलं पुढे ढकलायची. त्यांनी एकतीस वर्षं असल्या बायका पहिल्या घोटाला ओळखल्या होत्या. त्यांनी तोंड मिटलं. हे करायला त्यांना किती जड गेलं हे ज्यांनी त्यांना सभेत बोलताना ऐकलंय त्यांनाच कळेल.

श्रुतिका थांबली. सवयीने तिने मधल्या बोलण्यासाठी जागा ठेवली होती. ती जागा रिकामीच राहिली. मग ती बोलायला लागली, आधी तुटक तुटक आणि मग न थांबता. तिला एकटीला बरं वाटतं, इतकंच होतं. कुणी फसवलेलं नाही, कुणावर प्रेम बसून मोडलेलं नाही, कुठल्या डॉक्टरकडे न्यायची गरज नाही. संध्याकाळी घरी येऊन आपलं पुस्तक, आपला टीव्ही, रविवारी एखाद्या मैत्रिणीकडे. यात तिला काहीही कमी वाटत नाही. कमी वाटायचं ते फक्त कार्यक्रमाच्या दिवशी, पोह्यांचा ट्रे हातात घेऊन दाराआड उभी असताना. एकदा तिने ठरवलं होतं की आज आईला सांगायचंच. त्या दिवशी आईने जेवताना बारा स्थळांची माहिती दिली आणि ताटं उचलायची वेळ झाली.

काकी ऐकत राहिल्या. मधे दोनदा त्यांचे ओठ हलले आणि दोन्ही वेळा त्यांनी त्यावर चहाचा कप धरला. चहा गार झाला होता. तो बेताचाच होता, नऊ वर्षांत सुधारलेला नव्हता. त्यांना खूप रडू येत होतं आणि आपण रडलो तर पोरगी बोलायची थांबेल हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या रडल्या नाहीत.

श्रुतिकाचं बोलून संपलं तेव्हा काकींचा फोन वाजत होता. तिसऱ्यांदा. श्रुतिकाने मानेनेच सांगितलं, घे.

“नमस्कार, मुलुंडहून बोलतेय,” एक ठसकेबाज आवाज आला, एवढा की श्रुतिकालाही ऐकू यावा. “ते सहाशे अकरा नंबरचं स्थळ. मागचं वाचलं हो आम्ही, बंद व्हायच्या आत. सरळ आणि हुशार, एवढं पुरे आहे आम्हाला. चहा माझा मुलगाच करतो. राहिली आई, तर तिचं मी बघून घेईन, तुम्ही काळजी करू नका. कधी येऊ बघायला?”

आयुष्यात पहिल्यांदा काकींना असं स्थळ चालून आलं होतं ज्याच्या मागे काय लिहायचं हे त्यांना घरी न जाताच कळलं. बाई शंभर नंबरी होती. मुलगा चहा करत होता. एकतीस वर्षांचा हात आपोआप पेन्सिल शोधायला लागला.

त्यांनी समोर बघितलं. श्रुतिका आपल्या कपात बघत होती.

“ते स्थळ बंद झालं,” काकी म्हणाल्या.

“अरेरे. जमलं का कुठे?”

“नाही,” काकी म्हणाल्या. “मुलीला लग्न करायचं नाही.”

“असं कोण म्हणालं?” मुलुंडच्या बाईंनी विचारलं. “आई का?”

“मुलगी म्हणाली,” काकींनी सांगितलं, आणि फोन ठेवून दिला.